जर्मनीचा वेल आणि मढचा बर्फ

त्या वेळी कोण कोण होतं ते आधी सांगून टाकते, म्हंजे मधेच हा कोण आला असं विचारायला नको. सासरा होता. सासू होती. माझा नवरा, घरातला थोरला, त्याची मासेमारीची होडी. धाकटा दीर, तो मोठ्या बोटीवर खलाशी, म्हणून असला तर असला. नणंद, घरात सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या आवाजाची. तिचा ठरलेला नवरा, खाडी ओलांडून अंधेरीच्या बाजूच्या गावठाणातला, होड्या दुरुस्त करणारा सुतार. त्या सुताराचा बाप, म्हंजे आमचा व्याही. व्याह्याची बायको, ती फार बोलायची नाय. आणि मी, लग्न होऊन नुकती मढला आलेली. एवढीच माणसं. आणि एक द्राक्षाचा वेल. वेलाला माणसात धरत नाय हे मला ठाऊक आहे, पण आमच्या घरात त्याला माणसांपेक्षा जास्त मान होता. त्याचं नाव वगळलं तर सासरा कबरीतून उठून येईल.

शाळेत मी फार गेले नाय. जे आठवतं ते जसं बोलते तसंच नातीला सांगितलं, तिनं उतरवलं.

तर झालं असं. नणंदेचा साखरपुडा होता आणि दीर त्याच सुमारास घरी आला. त्याची बोट जर्मनीला गोदीत दुरुस्तीला पडली होती, सबंध थंडीभर. बोटीवरच्या एका तिथल्या माणसाशी त्याची दोस्ती झाली, आणि तो माणूस ह्याला आपल्या गावी घेऊन गेला. गाव एका नदीच्या काठी. तिथून दिरानं दोन वस्तू आणल्या. एक तांबड्या वाइनची बाटली. दुसरी, ओल्या मोज्यात गुंडाळलेली एक काडी.

तेव्हा दारूबंदी होती. बाटली त्यानं पायजम्यात गुंडाळून, पायजमा चादरीत गुंडाळून आणली. मोजा मात्र हातात धरून आणला. सासूनं काडी बघितली आणि म्हणाली, "एवढ्या लांबून दात कोरायला आणलीस का रे?"

"वेल आहे, आई. लावला की फुटतो."

"मग मोजा कशाला घातलास त्याला? थंडी वाजते?"

"त्याला थंडीच पायजे," दीर म्हणाला. हे एक वाक्य तो बोलला नसता तर माझी पुढची तीन वर्षं सुखात गेली असती.

आता आमच्याकडची वाइन कशी असते ते सांगायला पायजे. आमची ख्रिस्ती माणसं लग्नाला, नाताळला घरीच करायची. काळ्या मनुका, साखर, दालचिनी, लवंग, आणि रंगाला जाळलेली साखर. आसपासच्या सगळ्या गावठाणांत ती करायला बोलावणं जायचं आमच्या व्याह्याला. त्याच्या हातची वाइन इतकी काळी की बोट बुडवलं तर बोट दिसायचं नाय. एक पेला पोटात गेला की गुडघे धरून बसलेली म्हातारीसुद्धा नाचायला उठायची. गोड म्हंजे ओठ चिकटायचे.

साखरपुड्याला सगळे जमले आणि सासऱ्यानं ऐटीत दिराची बाटली फोडली. पेल्यात ओतली. पेल्यातून पलीकडचा माणूस दिसायला लागला.

सासू हळूच म्हणाली, "अगो, ही धुतलेली आहे काय?"

रंग म्हंजे कोकम पाण्यात पिळल्यासारखा. मी पण घोटभर घेतली. पहिल्यांदा आंबट. मग अर्धंकच्चं करवंद दाताखाली आल्यासारखं. मग शेवटी तोंडात काय तरी राहिलं, ते काय ते समजेना. सासूला समजलं. म्हणाली, "पाटी चाटल्यासारखं लागतं. लहानपणी आम्ही पाटी थुंकीनं पुसायचो ना, तसं."

दीर खुश झाला. "बरोबर! तिथं जमीनच पाटीच्या दगडाची आहे. काळे दगड, नुसते थर. टेकडी अशी उभी, की द्राक्षं तोडताना एक हात वेलाला आणि एक हात देवाला. सकाळी नदीवरून धुकं येतं, काय दिसत नाय. मग घटकाभर ऊन, ते पण आजारी माणसासारखं. त्याच्यामुळं द्राक्षात साखर कमी आणि आंबट जास्त. तिथं हीच चांगली मानतात. आणि नुसती पीत नायत कोणी, जेवणाबरोबर पितात. डुकराचं मटण, चरबी-बिरबी, आणि त्याच्यावर ही."

शेवटच्या वाक्याकडं कोणी ध्यान दिलं नाय. सगळे व्याह्याच्या तोंडाकडं बघत होते. व्याह्यानं पेला उजेडात धरला, हुंगला, घोट घेतला, आणि पेला खाली ठेवला.

"व्याही," तो म्हणाला, "ही वाइन नाय. हा सिरका आहे. इंद्यालाच्या आंबट-तिखट रश्शात घाला, मटण छान शिजेल."

सगळे हसले. सासूसुद्धा हसली. माझा सासरा नाय हसला. तो उठला, दारासमोर आमचा जुना क्रूस आहे तिथं गेला, आणि क्रूसावर हात ठेवून म्हणाला, "ऐका सगळे. ह्याच वेलाची वाइन मी माझ्या दारात करीन. हा माणूस ती पिईल, आणि स्वतःच्या तोंडानं दुसरा पेला मागेल. तोवर माझी पोरगी ह्या घराची पायरी उतरणार नाय."

नणंद आतून ओरडली, "बाबा! लग्न माझं आहे! वेलाचं नाय!"

पण शपथ झाली होती. क्रूसावरची शपथ आमच्याकडं मागं घेत नायत. सासू दुसऱ्या दिवशी फादरकडं गेली, म्हणाली, ह्याला शपथेतून सोडवा. फादर म्हणाले, "बाई, देवाला दिलेला शब्द असता तर मी काय तरी केलं असतं. हा व्याह्याला दिलेला आहे. तिथं माझं चालत नाय."

अशी माझी नणंद एका काडीला बांधली गेली.

काडी विहिरीच्या मागं लावली. सासरा रोज सकाळी उठून आधी तिथं जायचा, मग तोंड धुवायचा. कोंब फुटला त्या दिवशी त्यानं गावभर सांगितलं. दीर तोपर्यंत परत बोटीवर गेला होता, विचारायला कोणी नाय. मग सासऱ्याला आठवलं ते पाटीचं.

"तिथं मुळाशी काळी पाटी असते," तो म्हणाला. "आपल्याकडं वाळू. वेलाला करमत नसेल."

आता मढला पाटीचा दगड कुठं मिळणार? शाळेत. सासऱ्यानं पोरांना सांगितलं, फुटकी पाटी आणून द्या, एक सुका बोंबील घेऊन जा. पहिले काही दिवस फुटक्या पाट्या आल्या. मग फुटक्या संपल्या. मग चांगल्या पाट्या फुटायला लागल्या. पोरं शाळेच्या पायरीवरच आपटायची आणि तिथनं सरळ आमच्याकडं. शेवटी मास्तर छत्री घेऊन आला.

"काका, माझ्या वर्गात आता कोणाकडं पाटी नाय. सगळ्यांच्या तोंडाला बोंबलाचा वास येतो. मी शिकवू कशावर?"

"वाळूवर," सासरा म्हणाला. "आपले वाडवडील वाळूवर नाय शिकले?"

"तुम्ही शिकलात का?"

"मी नाय शिकलो. पण वाळू होती."

वेलाच्या भोवती पाट्यांचा ढीग झाला. कोणत्या पाटीवर बाराखडी अर्धी राहिलेली, कोणत्या पाटीवर बेरीज. एप्रिल-मेचं ऊन. पाट्या इतक्या तापल्या की कोंबडी चुकून चढली तर नाचत उतरायची. आणि वेलाची पानं कडेनं करपली, तव्यावरच्या पापडासारखी. सासऱ्याला वाटलं पाट्या कमी पडल्या. आणखी बोंबील वाटले.

पावसाळा संपल्यावर दीर घरी आला आणि वेल बघून कपाळाला हात लावला.

"बाबा, हे काय केलंत?"

"पाटी. तुझ्या जर्मनीसारखी."

"अहो, तिथं ऊन नसतं! काळा दगड दिवसभर जेवढं मिळेल तेवढं ऊन पितो आणि रात्री वेलाला ऊब देतो. शेगडीसारखा. तुम्ही मढच्या उन्हात वेलाखाली शेगडी पेटवलीत!"

सासऱ्यानं एक करपलेलं पान हातात घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे त्याला थंडीच पायजे."

"हां, पण..."

पण काय ते दीर सांगणार होता. सासरा ऐकायला थांबला नाय. तो धक्क्याकडं निघाला होता. धक्क्यावर माझ्या नवऱ्याचा बर्फ उतरत होता.

इथून माझे हाल सुरू झाले. मासळीसाठी बर्फाच्या लाद्या होडीतून यायच्या, लाकडाच्या भुश्यात गुंडाळलेल्या. त्यातली एक लादी रोज वेलाची. आणायची कोणी? सुनेनं. गोणपाटात बांधून डोक्यावर. वर ऊन, डोक्यावर बर्फ, मानेवरून पाणी पाठीत, पाठीतून लुगड्यात. धक्क्यावरून निघताना बायका हसायच्या, "काय गं, देवाला अभिषेक चाललाय?" मी म्हणायचे, "हां, देव विहिरीमागं बसलाय, आंबट तोंडाचा." मला तेव्हा पहिल्या पोराचे दिवस होते. सासू म्हणायची, "घाबरू नको, पोर थंड डोक्याचं होईल." तो झाला, मोठा झाला, आता त्याला नातू आहे, आणि अजून आमटीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवतो. बर्फाचा काय उपयोग होत नाय पोटातल्या पोरावर, हे मी सगळ्या बायांना सांगते.

रडले नाय मी. रडायला थांबले असते तर बर्फ वितळला असता.

बर्फ फोडून मुळाभोवती गोणपाटाखाली ठेवायचा. वेलावर ताडपत्रीची सावली. सासऱ्यानं आपली चर्चला जायची काळी छत्री पण तिथं बांधली, आणि रविवारी स्वतः उन्हात टाळकं तापवत चर्चला गेला. मग त्याला धुकं आठवलं. "सकाळी धुकं पायजे," म्हणाला. धुकं कुठून आणायचं? नणंदेचा होणारा नवरा, तो सुतार, दर रविवारी खाडी ओलांडून तरीनं यायचा. लग्न लवकर व्हावं म्हणून बिचारा काय पण करायला तयार. सासऱ्यानं त्याला बादली दिली. तो तोंडात पाणी भरायचा आणि इस्त्रीवाला कपड्यावर मारतो तशी फुर्र करून वेलावर फवारणी करायचा. एका पानावरून दुसऱ्या पानावर.

नणंद दारात उभी राहून बघायची. "आणखी बारीक मार ना! हे धुकं आहे की गळकं छप्पर?"

"तू ये की मग!" तो म्हणायचा, आणि बोलल्यामुळं तोंडातलं सगळं पाणी सांडायचं.

"मी त्या काडीकडं बघणार पण नाय," ती म्हणायची. पण मी बघितलंय. दुपारी सगळे झोपले की ती वेलाजवळ जाऊन बसायची, पानांखालची अळी काढायची, आणि प्रत्येक अळीमागं वेलाला एक शिवी द्यायची. तिला तो उपटून टाकायचा होता आणि जगवायचा पण होता. वेल मेला तर तिचं लग्न मेलं. अशी सेवा मी कोणाची बघितली नाय, इतक्या शिव्या घालून.

माझ्या नवऱ्याचं आणि सासऱ्याचं एकदा जुंपलं. बर्फ कमी पडून मासळी मऊ पडायची, बाजारात कोणी हात लावायचं नाय. ती मऊ मासळी मग आम्हीच खायची. रोज. सरंगा मऊ, सुरमई मऊ, सगळं एकाच चवीचं, आणि मुलाला अंगावर पाजायचं म्हणून मला जास्त वाढायचे.

"बाबा, मासे कुजतात!" नवरा म्हणाला.

"मासे कुजले तर कुजले," सासरा म्हणाला. "तुझी बहीण कुजतेय घरात, ते बघ."

"मी कुजत नाय!" नणंद आतून.

"तू गप बस. तुझ्यासाठीच भांडतोय."

"मग भांडू नका ना! तुमच्या शपथेमुळंच बसलेय मी!"

एकदा दारूबंदीचा हवालदार पण आला. कोणी तरी चहाडी केली होती की इथं दारूचं झाड लावलंय. सासऱ्यानं त्याला मानानं विहिरीमागं नेलं. हवालदारानं बघितलं: पाट्या, गोणपाट, बर्फ, छत्री, आणि मधे गुडघ्याएवढा वेल. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "काका, ह्याची दारू निघेपर्यंत मी पेन्शनीत असेन. तेव्हा बोलवा." आणि पाणी पिऊन गेला.

तिसऱ्या वर्षी नाताळनंतर घोस धरले. घोस म्हंजे काय, माझ्या मुठीत दोन मावतील एवढे. सासऱ्यानं जुनं मासे धरायचं जाळं वेलावर टाकलं, कावळ्यांसाठी. एक कावळा अडकला, त्याला सोडवायला सुतार गेला, तर तो पण अडकला. सासरा ओरडतोय, "द्राक्षाला धक्का लावू नको!" कावळ्याची पण काळजी नाय, जावयाची पण नाय.

हे हसण्यावारी चाललं होतं तोवर सुतार एका रविवारी आला आणि बादलीकडं गेलाच नाय. पायरीवर बसला. मान खाली.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"वयनी, बाप म्हणतो पावसाच्या आधी लग्न नाय झालं तर दुसरी मुलगी बघणार. बघितली पण आहे. तिच्या बापाला वेल-बिल काय नाय, म्हणतो."

नणंदेनं ऐकलं. तिचा तो मोठा आवाज एकदम गेला. ती विहिरीमागं गेली आणि जाळ्यातून घोसांकडं बघत बसली. घोस अजून निम्मे हिरवे होते. त्या दिवशी तिनं वेलाला शिवी दिली नाय. ते मला बरं वाटलं नाय.

सासऱ्यानं घोस तोडले. पिकायची वाट बघायला वेळ कुठं होता? निम्मे तांबडे, निम्मे हिरवट. चुरडले, बरणीत घातले, बरणीभोवती पण बर्फ. काही आठवड्यांनी गाळलं तर निघालं किती? दिराची ती साखरपुड्याची रिकामी बाटली सासऱ्यानं जपून ठेवली होती, तीच भरली, गळ्यापर्यंत नाय. सासूनं बाटली उजेडात धरली. पलीकडं सासऱ्याचं नाक स्वच्छ दिसत होतं.

तिनं बोट बुडवून चाटलं. डोळे मिटले. "अगो आई गं," म्हणाली. "पाटी."

तीन वर्षांनी, सावलीत आणि बर्फात, कच्चीच तोडून, माझ्या सासऱ्यानं मढमधे तीच वाइन केली होती. तीच पातळ, तीच आंबट, तीच करवंदासारखी. पण त्याचा आनंद कोणाला? ज्या वाइनला व्याही सिरका म्हणाला, तीच परत त्याच्या पुढं ठेवायची होती. आणि त्यानं दुसरा पेला मागायचा होता.

"थोडी साखर घालू या," मी म्हणाले.

"क्रूसावर हात ठेवलाय," सासरा म्हणाला. "वेलानं दिली तशी द्यायची."

मे महिन्यातल्या रविवारी व्याह्याला जेवायला बोलावलं. सकाळी नणंदेनं मला चुलीपाशी ओढलं. "वयनी, धाकटा दादा काय म्हणाला होता? साखरपुड्याला? ते कशाबरोबर पितात?"

"जेवणाबरोबर. डुकराबरोबर."

"हां," ती म्हणाली, आणि मसाल्याची बाटली काढली. आमच्याकडं वर्षाचा मसाला कुटून बाटल्यांत भरून ठेवतात. सगळ्यांत झणझणीत होती ती बाटली. डुकराचं इंद्याल केलं तिनं, चांगलं चरबीचं, आणि मसाल्याचा चमचा परत वर गेला तेव्हा मी तिचं मनगट धरलं.

"बाय, पुरे."

"वयनी, तू एक काम कर. घरातलं सगळं पाणी ओत. हंडा घे, विहिरीवर जा. आणि मी हाक मारेपर्यंत तिथंच थांब."

मी गेले. हंडा भरला, कमरेवर घेतला आणि वेलापाशी उभी राहिले. मागचं दार उघडं होतं, सगळं दिसत होतं.

व्याही बसला. बाजूला त्याची बायको. सुतार दाराशी, रंग उडालेला. सासऱ्यानं पेला भरला. व्याह्यानं पेला उजेडात धरला, हुंगला, घोट घेतला. खाली ठेवला.

"व्याही," म्हणाला, आणि आवाज मऊ होता, ते जास्त लागलं, "मेहनत केलीस. पण सिरका तो सिरकाच. आता शपथ सोड आणि पोरांना मोकळं कर. मी माझ्या पोराचं दुसरीकडं बघतो."

सासऱ्यानं बाटलीला बूच लावलं, परत काढलं. मी त्याला असा कधी बघितला नव्हता.

नणंद आली, ताट ठेवलं. "आधी जेवा, काका. जेवल्याशिवाय बोलणी नाय."

व्याह्यानं भाकरीचा तुकडा मोडला, इंद्यालात बुडवला, खाल्ला. चांगला मोठा घास. चव छानच होती, दुसरा पण घेतला. मग तो थांबला. कान लाल झाले. कपाळावर घाम. पण गडी मानी, तिखट लागलं म्हणेल कसा?

त्याची बायको म्हणाली, "पाणी द्या हो जरा." तीन वर्षांत मी ऐकलेलं तिचं हे पहिलं वाक्य.

"वयनी आणायला गेलीय," नणंद म्हणाली. "येतेच."

मी हंडा कमरेवर घेऊन उभी. हात भरून आला होता.

व्याह्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि समोरचा पेला उचलून एका दमात संपवला. तोंड वाकडं होईल म्हणून मी वाट बघत होते. झालं नाय. त्यानं रिकाम्या पेल्यात बघितलं. परत एक चरबीचा तुकडा खाल्ला, मला वाटतं नकळत. मग पेला पुढं केला.

"ओत."

"काय ओतू?" सासरा म्हणाला. त्याचं ध्यानच नव्हतं.

"ते तुझं जर्मनी ओत रे! जीभ जळाली!"

सासरा उभा राहिला. "मागितला! क्रूसाची शपथ, मागितला! स्वतःच्या तोंडानं!" सुतारानं दाराशी उडी मारली आणि डोकं चौकटीला आपटलं.

"तिखटामुळं मागितला!" व्याही ओरडला, आणि दुसरा पेला पीत पीत ओरडला. "हे धरायचं नाय! ही फसवणूक आहे! पाणी कुठंय?"

"वयनी, ये गं!" नणंदेनं हाक मारली. मी आत गेले, तांब्या भरून दिला. व्याह्यानं तो घटाघटा रिकामा केला. मग दुसरा. मग बसून राहिला, श्वास घेत. मला वाटलं, आता हा शांत झाला, आता उठेल, म्हणेल चला, आणि संपलं. नणंदेनं चुलीपाशी पदराचं टोक दातात धरलं होतं.

व्याह्यानं ताट पुढं ओढलं. उरलेलं इंद्याल भाकरीनं पुसून खाल्लं. सावकाश. मग बाटलीकडं बघितलं. मग सासऱ्याकडं नाय, छताकडं बघत म्हणाला, "थोडी आहे का त्यात?"

मग नणंद पुढं झाली, बाटली उचलली आणि शेवटच्या थेंबापर्यंत त्याच्या पेल्यात ओतली.

"हे पण तिखटामुळं, काका?"

"तू गप बस," व्याही म्हणाला. "माझ्या घरी आलीस की बघतो तुला."

झालं. त्या एका वाक्यानं लग्न ठरलं.

पावसाच्या आधी लग्न लागलं. लग्नात वाइन व्याह्याच्या हातचीच, काळी, गोड, पेल्याच्या पलीकडचं काय न दिसणारी. सगळे नाचले, मी पण नाचले. नणंद पायरी उतरून गेली, आणि जायच्या आधी विहिरीमागं जाऊन वेलाला एक शेवटची शिवी देऊन आली. सासू रडली. मी दुसऱ्या दिवशी धक्क्यावरून आले ती रिकाम्या डोक्यानं. मान इतकी हलकी वाटली की मी दोनदा मागं वळून बघितलं, काय विसरले म्हणून.

बर्फ बंद झाला. पाट्या सासऱ्यानं शाळेला परत केल्या, मास्तरनं घेतल्या नायत. आणि बर्फ बंद झाल्यावर वेल असा माजला की विहिरीवर मांडव झाला. पानंच पानं. द्राक्ष मात्र परत एक नाय. सासरा म्हणायचा, "त्याला घरची आठवण येते." पुढं काही वर्षांनी शेजारच्या बंगल्यात शूटिंगवाले आले, त्यांना वेल आवडला. त्यांनी त्याला प्लास्टिकचे जांभळे घोस बांधले, एकेक पपईएवढा. सासरा काठी टेकत बघायला गेला. एक घोस हातात घेतला, वजन बघितलं, आणि म्हणाला, "व्याह्याला ही पाजायला पायजे होती."

आता सुरुवातीला माणसं सांगितली त्यातली बरीचशी चर्चच्या मागं कबरीत आहेत. नणंद पण. ती शेवटपर्यंत सणाला यायची, आणि येताना माझ्यासाठी नाय, वेलासाठी काय आणलं ते आधी दाखवायची. कधी शेणखत, कधी नुसती शिवी.

विहीर बुजवायचं बोलतायत. वेल अजून आहे तिथं, जाडजूड, सावली देतो. तुम्ही कधी मढला आलात आणि तो तुम्हाला दिसला, तर एवढंच करा: त्याला एक तांब्या पाणी घाला. साधं पाणी. बर्फ घालू नका.